नव्या गावात बिऱ्हाड: कोणते कागद सोबत चालतात, कोणते मागं राहतात

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्यांना लागून रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर अशी गावं आहेत. कागदोपत्री ग्रामपंचायती, प्रत्यक्षात एकेका मालकाच्या आठ-दहा खोल्यांच्या रांगा. एका खोलीत हिंगोलीचं जोडपं, शेजारी यवतमाळची तीन पोरं, पलीकडं बिहारचं कुटुंब. जालन्यात स्टीलच्या कारखान्यांभोवतीही असंच. काम मिळायला फारशी अडचण येत नाही, कारण कुणीतरी भाऊबंद आधी येऊन बसलेला असतो आणि खोलीही तोच बघून देतो. अडतं ते घरात पहिल्यांदा कुणी आजारी पडल्यावर. दवाखाना कुठला? गावाकडचं कार्ड चालेल का? दाखवायला न्यायचं तर एक दिवसाची हजेरी बुडवायची का?

अशा वेळी वस्तीतली एखादी छोटी आरोग्य संस्था कामाला येते. दोन खोल्या, एक समाजसेविका, एक निवृत्त सिस्टर आणि वस्तीतल्याच दोन-तीन बाया, एवढाच संसार. औषधं असलीच तर ताप-जुलाबापुरती. खरं काम वेगळं असतं: नव्यानं आलेल्या माणसाला त्याच्या हक्काच्या खिडकीपर्यंत पोचवणं. कॅनडासारख्या देशात हे सरकारी पैशानं चालणारं रीतसर खातं आहे. तिथं नव्यानं आलेल्याची गरज विचारून घेणं, माहिती देणं, भाषेचे वर्ग, नोकरीसाठी मदत हे सगळं स्थानिक संस्था करतात. पण केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या त्या सेवा मुख्यतः कायम रहिवासाचा परवाना मिळालेल्यांना आणि निर्वासितांना मिळतात. आपल्याकडून शिकायला गेलेली पोरं बहुतेक त्यात बसत नाहीत. म्हणजे कागदाचा घोळ तिथंही चुकलेला नाही.

आपल्याकडं असं वेगळं खातं नाही. योजना मात्र भरपूर आहेत आणि त्या वेगवेगळ्या खात्यांच्या खिडक्यांवर विखुरलेल्या आहेत. त्यामुळं संस्थेचं निम्मं काम म्हणजे कोणता कागद कुठल्या खिडकीवर चालतो हे ठाऊक असणं.

नवीन माणूस आला की त्याला पहिला सल्ला मिळतो तो असा: आधी आधारवरचा पत्ता बदलून घे, मग बाकीचं बघू. मला हा सल्ला उलटा वाटतो. पत्त्यासाठी पुरावा लागतो. भाडेकरार मागितला की घरमालक नाक मुरडतो, कारण त्याला भीती वाटते की उद्या हा खोलीवर हक्क सांगेल. तो कागद जमवण्यात महिने जातात आणि तेवढ्यात लेकराचा डोस चुकतो, बाईचा पाचवा महिना उलटतो. गंमत म्हणजे या गोष्टींना इथला पत्ता लागतच नाही. पत्ता सावकाश बदलावा. त्याआधी आपल्या माणसाबरोबर काय आपोआप आलंय, काय हद्दीवर अडकलंय आणि काय कुणीतरी फोन केल्याशिवाय येणार नाही, याची वर्गवारी करावी. माझ्या मते संस्थेतल्या पहिल्या भेटीचा सगळा वेळ यातच गेला तरी चालेल.

आपोआप सोबत येणारं

रेशन आधी घेऊ, कारण पोटाचा प्रश्न आहे आणि गैरसमजही इथंच जास्त. 'एक देश, एक रेशन कार्ड' ही सोय ऑगस्ट २०१९ मध्ये चार राज्यांत सुरू झाली. आंध्र आणि तेलंगणा ही एक जोडी, गुजरात आणि महाराष्ट्र ही दुसरी. जून २०२२ पर्यंत सगळा देश त्यात आला. अर्थ साधा आहे: अन्न सुरक्षा कायद्यातलं कार्ड असेल आणि आधारशी जोडलेलं असेल, तर देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं. कार्ड बदलायचं नाही, नाव कमी करायचं नाही, अर्ज करायचा नाही. दुकानात जाऊन कार्डाचा नंबर सांगायचा आणि मशीनवर अंगठा द्यायचा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे.

त्यातली एक सोय फार कमी जणांना माहीत असते. कुटुंब विभागलेलं असेल तर धान्यही विभागून उचलता येतं. नवरा-बायको वाळूजला आणि म्हातारी कळमनुरीला असेल, तर थोडं इथं आणि उरलेलं तिथं.

अडचणी येतात त्या वेगळ्याच. दुकानदार म्हणतो, "तुमचं कार्ड इथलं नाही, माल कमी आहे." कार्डावर कुणाचं तरी आधार जोडलेलं नसतं, नाहीतर केवायसी राहिलेली असते. ती राहत्या ठिकाणच्या दुकानातही होते, त्यासाठी गावाला जायची गरज नाही. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे अंगठा लागत नाही. सिमेंट कालवणाऱ्या, भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. तेव्हा कार्डावरच्या दुसऱ्या कुणालाही न्यावं. घरातल्या एकाचा अंगठा लागला तरी पुरतो. काही दुकानांत आता डोळ्यांवरून ओळख पटवणारी यंत्रंही आली आहेत. तरीही दुकानदार ऐकत नसेल तर १४४४५ हा या सोयीसाठीचा मदत क्रमांक आहे. पण अनुभव असा, की संस्थेतली ताई एकदा सोबत गेली की दुसऱ्या महिन्यापासून दुकानदार स्वतःच "या, मशीन चालू आहे" म्हणतो.

मिळणारं धान्य मात्र केंद्राच्या वाट्याचंच, म्हणजे मुख्यतः गहू-तांदूळ. एखादं राज्य आपल्या पैशातून डाळ, साखर, सणासुदीला शिधा असं काही वरचं देत असेल, तर ते दुसऱ्या राज्याच्या कार्डावर मिळत नाही. बिहारी बाई शेजारणीची पिशवी बघून भांडायला उठते, तेव्हा हे आधी सांगितलेलं असलं की बरं पडतं.

लसीकरणाला तर पत्ता, आधार, रेशन कार्ड यातलं काहीच लागत नाही. बुधवारी-शुक्रवारी, म्हणजे त्या भागात जो ठरलेला दिवस असेल त्या दिवशी, लेकरू घेऊन अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात जायचं. भीती वेगळीच असते. मधले डोस चुकलेत, आता सिस्टर रागावतील, पुन्हा पहिल्यापासून सगळ्या सुया टोचतील, म्हणून आया जातच नाहीत. नियम असा आहे की चुकलेल्या डोसनंतर पुढून सुरुवात होते. आधी घेतलेला डोस वाया जात नाही. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, तिचा पहिला डोस मात्र बाळ वर्षाचं व्हायच्या आत झाला पाहिजे. गोवर-रुबेलाचा डोस नवव्या महिन्यात राहिला असेल तरी पाच वर्षांपर्यंत देतात. म्हणून उशीर झालाय असं म्हणून कुणी घरी बसू नये. गावाकडचं माता-बाल संरक्षण कार्ड हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर गावच्या आशाताईला फोन करून त्या पानाचा फोटो मागवावा. फोटोवरूनही सिस्टरला समजतं.

सरकारी दवाखान्याची गोष्ट जरा नीट समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. घाटी, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मात्र या विभागाची नाही, वैद्यकीय शिक्षण विभागाची आहे. म्हणून चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात पैसे लागले नाहीत आणि घाटीत पावती फाडावी लागली, तर कुणी फसवलं असं समजू नये. दोन्ही दवाखाने सरकारी असले तरी खाती दोन आहेत. नव्या माणसाला हे कोण सांगणार? तो तर थेट घाटीच गाठतो, कारण खोलीमालकानं तेवढंच नाव सांगितलेलं असतं. साध्या खोकल्यासाठी घाटीच्या गर्दीत अख्खा दिवस घालवण्यापेक्षा जवळचं आरोग्य केंद्र किंवा 'आपला दवाखाना' या नावाचा सरकारी दवाखाना बरा, हे पटवणं हीसुद्धा सेवाच आहे.

बाळंतपणाचंही तसंच. जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण पूर्ण मोफत आहे. सिझेरियन, रक्त, औषधं, जेवण, घरी सोडणारी गाडी सगळं धरून. बाई कुठल्या गावची, कुठल्या राज्याची, हा प्रश्नच येत नाही.

कंपनीत लागलेल्यांसाठी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, हा स्वतंत्र आणि सगळ्यात दुर्लक्षित विषय आहे. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसत असते, पण कार्ड हातात नसतं. कॉन्ट्रॅक्टरनं नंबर काढलेला असतो आणि तो त्याच्याच रजिस्टरमध्ये पडून राहतो. संस्थेनं आल्या आल्या विचारायचा प्रश्न हाच: "पगारातून ईएसआय कटतो का? मग नंबर कुठंय?" तो नंबर एकदा मिळाला की जन्मभराचा असतो. चाकणला काढलेला वाळूजला चालतो, नवीन काढायचा नसतो. दोन नंबर निघाले की हप्ते विभागले जातात आणि ऐन गरजेला दिवस कमी पडतात. औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतो, बायका-पोरांनाही. आजारपणाच्या रजेचे पैसे, म्हणजे पगाराच्या ७० टक्के, हवे असतील तर सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात निदान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला असावा लागतो.

कामावर जखम झाली तर ही ७८ दिवसांची अट लागत नाही, आणि हात बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात. पण त्यासाठी अपघात कामावर झाला अशी नोंद हवी. प्रेसमध्ये बोट गेलं की मुकादम आधी खासगी दवाखान्यात नेतो आणि "घरी पडला असं सांग, बिल मी भरतो" म्हणतो. बिल तो भरतोही. पण पुढं बोट कायमचं निकामी झालं तर मिळणारी भरपाई त्या एका वाक्यानं गेलेली असते. छोट्या संस्थेनं कामगाराच्या घरच्यांना हे एक वाक्य तरी पाठ करून द्यावं: केसपेपरवर खरं ते लिहा.

हद्दीवर थांबणारं

काही योजना राज्याच्या असतात आणि राज्याच्या हद्दीपुरत्याच चालतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेला महाराष्ट्राचं रेशन कार्ड किंवा अधिवासाचा दाखला हवा. नांदेडचा माणूस वाळूजला आला तर ती त्याच्यासोबत येते. समस्तीपूरचा आला तर येत नाही. त्याच्यासाठी आयुष्मान भारत बघायचं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार देशातल्या कुठल्याही नोंदणीकृत दवाखान्यात मिळतात. अट एकच: नाव यादीत हवं. ते बघायला १४५५५ वर फोन करावा, नाहीतर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधार घेऊन जावं. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट राहिलेली नाही, तेव्हा म्हाताऱ्या आईला इथं आणलं असेल तर तिचं कार्ड आधी काढावं. दोन्ही योजना भरती झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहेत. सर्दी-खोकल्याला त्या नाहीत, हेही वेळीच सांगावं.

बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळही राज्याचं आहे. मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नोंदणी जिथं काम तिथं करावी लागते. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड देशभर चालतं, पण त्या एका कार्डावर दवाखान्यात काही मिळत नाही. लोक मात्र तेच पुढं करतात, कारण खिशात तेवढंच असतं.

या कप्प्यात एक पाहुणी आपण धरतच नाही: लग्न होऊन आलेली सून. उदगीर, देगलूर, बिलोली, उमरगा या पट्ट्यात सोयरीक हद्द ओलांडून होते. लेक बिदरची, सासर उदगीरचं. भाषा दोन्हीकडं येते, पण कागद कर्नाटकात. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नाही. तोवर ती इथल्या राज्य योजनेत नसते आणि तिथं राहत नसल्यानं तिथल्या योजनेचा उपयोग नसतो. बहुतेक घरांत हे पहिल्या मुलाच्या वेळी दवाखान्यात कळतं. लग्नानंतर माहेरी पहिल्या फेरीला जाईल तेव्हाच तो दाखला आणायला सांगावा. साडी-चोळीबरोबर हाही कागद येऊ द्या.

फोन केला तरच येणारं

आता खरी मेहनत. काही गोष्टींचा हक्क माणसाबरोबर येतो, पण त्याची नोंद जुन्या गावातच राहते. कुणीतरी इकडून तिकडं फोन करून ती हलवावी लागते. छोट्या संस्थेची किंमत इथं कळते, कारण हे काम ना आजारी माणसाला जमतं, ना गर्दीत बसलेल्या डॉक्टरला.

टीबीचं उदाहरण घ्या. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन महिने झाले की खोकला थांबतो, अंगात जोर येतो आणि गडी कामाच्या शोधात निघतो. कंधारच्या आरोग्य केंद्रातून दिलेल्या गोळ्या पंधरा दिवसांनी संपतात. इथं सांगायची लाज वाटते, शिवाय आता काही दुखत-खुपत नाही. गोळ्या सुटतात. आणि सुटलेल्या गोळ्यांनी उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे झाले, तर पुढचे उपचार जास्त लांबलचक आणि जास्त त्रासाचे.

हे टाळायला एकच नंबर पुरतो. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची निक्षय नावाच्या संगणकी नोंदवहीत नोंद असते आणि त्याला निक्षय आयडी मिळतो. तो आयडी घेऊन इथल्या टीबीच्या कर्मचाऱ्याकडं गेलं की जुन्या केंद्रातून नाव इकडं वळवून घेता येतं. गोळ्या इथून सुरू होतात आणि निक्षय पोषण योजनेचे पैसेही, जे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झालेत, त्याच बँक खात्यात येत राहतात. ऐकायला सोपं. पण जुन्या केंद्रानं सोडावं लागतं, नव्यानं घ्यावं लागतं आणि मध्ये कुणी सुट्टीवर असलं की नाव लटकून राहतं. संस्थेची ताई दोन्हीकडच्या माणसांचे फोन नंबर ठेवते आणि नाव वळेपर्यंत पाठ सोडत नाही. त्या मधल्या दिवसांच्या गोळ्या रुग्णाकडं आहेत का, हे ती पहिल्याच दिवशी मोजते.

एचआयव्हीची औषधं सरकारी एआरटी केंद्रातून मिळतात, आणि तिथंही असंच एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नाव हलतं. तिथं गुप्ततेचा प्रश्न आणखी टोकाचा. २०१७ च्या कायद्यानं एखाद्याची एचआयव्हीची माहिती त्याच्या परवानगीवाचून उघड करता येत नाही. पण वस्तीत कायदा पोचायच्या आधी बातमी पोचते. ताईनं खोलीवर जाऊन मालकिणीसमोर "गोळ्या घेतल्या का?" विचारलं, एवढंच पुरतं, दुसऱ्या दिवशी खोली खाली करायला सांगतात. टीबीतही हेच होतं. म्हणून शहाण्या संस्था या रुग्णांना घरी भेटत नाहीत. सुटीच्या वेळी, कंपनीच्या गेटपासून लांब, चहाच्या टपरीवर भेटतात किंवा फोनवर बोलतात. रजिस्टरमध्ये आजाराच्या रकान्यात शब्द न लिहिता खूण लिहितात आणि ते रजिस्टर कुलपात ठेवतात. आधारची झेरॉक्स गरज नसताना घेतच नाहीत, दाखवून परत.

गरोदर बाईची नोंदही अशीच मागं राहते, आणि आपल्याकडच्या रीतीनं ती दोनदा हलते. नोंद हिंगोलीच्या उपकेंद्रात, राहणं वाळूजला, आणि सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी, समजा गंगाखेडला. तीन ठिकाणच्या तीन सिस्टर तिला थोडी थोडी ओळखतात. रक्त किती होतं, बीपी कधी वाढला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, हे तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर नसेल तर गंगाखेडच्या सिस्टरसाठी ती नवीनच. कार्ड बाईच्या हातात राहावं, सासूच्या पेटीत नाही, हा साधा आग्रह धरला तरी मोठं काम होतं. अंगणवाडीचा आहारही इथं मिळू शकतो. अन्न सुरक्षा कायद्यानं तो गरोदर आणि स्तनदा मातांचा हक्क आहे. अंगणवाडीताईला मात्र नाव इकडं वळवून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी तिला कुणीतरी सांगावं लागतं की त्या रांगेतल्या चौथ्या खोलीत एक बाई नवीन आलीय.

बीपी-शुगरवाल्यांसाठी काहीच यंत्रणा नसल्यासारखं आहे. त्यांच्याकडं असते ती रिकामी गोळ्यांची पाकिटं. ती फेकू नका, एवढं सांगितलं तरी डॉक्टरचा अर्धा वेळ वाचतो. किनवट-माहूरकडून आलेल्या आदिवासी कुटुंबात कुणाकडं सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) कार्ड असेल तर तेही दाखवायला सांगावं, कारण इथल्या डॉक्टरच्या डोक्यात तो आजार पहिल्यांदा येत नाही.

सोबत जाणं

माहितीपत्रकं छापायला सोपी, म्हणून ती फार छापली जातात. प्रत्यक्षात फरक पडतो तो सोबत जाण्यानं. पहिल्या खेपेला ताई बरोबर जाते: केसपेपर कुठं निघतो, औषधाची खिडकी कुठं, रक्त कुठल्या मजल्यावर, पाटी वाचता येत नसेल तर कुठल्या रंगाच्या दारातून वळायचं. दुसऱ्या खेपेला ताई फक्त दारापर्यंत. तिसऱ्या खेपेला बाई एकटी जाते आणि संध्याकाळी येऊन सांगते. कायम सोबत गेलं तर माणूस परावलंबी होतो, अजिबात न गेलं तर तो बिनपदवीच्या 'बंगाली डॉक्टर'कडं सलाइन लावून घ्यायला जातो.

भाषेबद्दल एक महत्त्वाचं. मैथिली किंवा भोजपुरी बोलणाऱ्या बाईला दवाखान्यात मोडकी हिंदी बोलावी लागते, आणि तिचा नवराच दुभाषा असतो. अंगावरून जातंय, मारहाण होतेय, आणखी मूल नको आहे, यातलं काहीही ती त्याच्या तोंडून कसं सांगेल? शाळकरी मुलीला दुभाषा केलं तर आणखीच वाईट. तीच भाषा बोलणारी, वस्तीत आधी आलेली एखादी बाई संस्थेनं पगारावर घ्यावी. स्वयंसेविका म्हणून नाही, पगारावर. तिच्या एका दिवसाची मजुरी बुडत असते.

आणि वेळ. दहा ते पाच उघडी राहणारी संस्था दिवसपाळीच्या कामगाराला कधी दिसणारच नाही.

दवाखान्याबाहेरच्या गोष्टीही आरोग्याच्याच आहेत. पाणी किती दिवसांनी येतं, टँकर कुठं थांबतो, ड्रम झाकून का ठेवायचा. नाहीतर साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. जालन्यात भट्टीवर काम करणाऱ्याला मे महिन्यात किती वेळानं पाणी प्यायचं. एकट्या राहणाऱ्या पोरांना रात्री झोप येत नाही, दारू वाढते; त्यांना १४४१६ हा टेलिमानसचा नंबर द्यावा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि हिंदी-मराठीसह बऱ्याच भाषांत बोलतात. पोरं आधी हसतात, मग कधीतरी एखादा लावतो.

शाळेचंही बोलून घेऊ, कारण लेकरू दिवसभर खोलीत कोंडलेलं असेल तर ना त्याचं वजन वाढतं ना आईला कामावर जाता येतं. "टीसी आणा, मग बघू" असं शाळेत सांगतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाचा दाखला नाही म्हणूनही नाकारता येत नाही. कायद्याचं ते पान छापून संस्थेच्या भिंतीवर लावलेलं असावं. वाद घालायला नको. मुख्याध्यापकांना नम्रपणे दाखवलं की बहुतेक वेळा काम होतं.

देणगीदारांना आकडे हवे असतात: किती लोक आले, किती शिबिरं झाली. हे आकडे गोळा करता करता संस्थेची दमछाक होते. मी देणगीदार असतो तर तीनच गोष्टी विचारल्या असत्या: किती टीबीवाल्यांचं नाव खरंच वळलं, किती लेकरांचे राहिलेले डोस पूर्ण झाले, आणि किती जणांच्या हातात ईएसआयचा नंबर आला.

जाणाऱ्यांची तयारी

मराठवाडा जितका माणसं घेतो त्यापेक्षा जास्त पाठवतो. दिवाळी झाली की बीडमधल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. मार्च-एप्रिलपर्यंत फडावर कोपी हेच घर. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, खाडा केला की दंड. या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. कामाचा खाडा परवडत नाही, पाळीच्या तक्रारीवर फडाजवळ साधा उपचार मिळत नाही, मग गावी आल्यावर एकदाच काय ते उरकून टाकू, अशी ती साखळी आहे.

म्हणून बीडकडच्या संस्थेनं निघणाऱ्यांची तयारी करून द्यायला हवी. टोळी ट्रकमध्ये बसायच्या आधी पंधरा दिवस मुकादमाकडून यादी घ्यावी. गरोदर किती, पाच वर्षांखालचे किती, कुणाच्या गोळ्या चालू आहेत, हे बघावं. लेकराच्या पुढच्या डोसची तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात लिहावी. गोळ्यांचा महिनाभराचा साठा आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचं नाव सोबत द्यावं. टोळी कुठल्या कारखान्याला चाललीय हे मुकादमाला माहीत असतं. ते नाव आशाताईच्या वहीत आलं की निदान फोन कुठं करायचा ते कळतं.

परतीच्या वेळीही हेच, आणि वाळूज-जालन्याहून छठला किंवा लग्नसराईला गावी निघणाऱ्यांचंही. गोळ्या पंधरा दिवस जास्तीच्या घ्याव्यात, कारण परतीचं तिकीट पुढं जातं. कार्डं पेटीत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावीत. आणि त्या महिन्याचं धान्य इथं उचललं असेल तर गावच्या दुकानात ते पुन्हा मिळणार नाही, हे घरी आधी फोन करून सांगावं.